येताना वारं पाठीशी

“जाताना 16 तास आणि येताना साडेचौदा? अंतर कमी-जास्त होतं की काय गं?” आई चष्मा सरसावून भाचीचं तिकीट वाचत होती.

मुंबई ते न्यूयॉर्क, साधारण 12,500 किलोमीटर. म्हटलं, अगं, वर उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, येताना विमानाला ढकलतात.

तिने माळ्यावरचा पृथ्वीगोल काढायला लावला, लाल लोकर दोन्ही टोकांना ताणून धरली. लोकर आडवी जाईना, थेट वर रशियावरून निघाली! नकाशातली सरळ रेघ लांबची, हे काही तिला पटेना.

“म्हणजे घरी येताना वारं पाठीशी,” एवढं मात्र तिने पटकन उचललं.

इकडे टॅक्सीवाला म्हणतोय, विमान रात्री 2 चं, तर कोथरूडहून संध्याकाळी 5 लाच निघा. दीडशे किलोमीटर. घाटातली ही लोकर कशी ताणायची?