न सापडलेले जामीनपत्र

वसुली विभागात असताना बँकेच्या वतीने कागद घेऊन कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील न्यायालयात हजर राहणे हे माझे नेहमीचे काम होते. त्या सगळ्या दाव्यांपैकी एक मनातून जात नाही. तो आम्ही मोठ्या अंशी हरलो, आणि ते योग्यच झाले असे माझे ठाम मत आहे.

उद्यमनगरातील एका लेथ कारखानदाराचे ८ लाखांचे कर्ज थकले होते. त्याचे जामीनदार सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. आपण जामीन राहिलो ते सुरुवातीच्या २ लाखांना, पुढे कर्जाची मर्यादा वाढवताना आपल्याला कोणी विचारले नाही, असे त्यांनी लेखी कैफियतीत मांडले होते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे, जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. त्यामुळे सारा प्रश्न जामीनपत्रावर कोणती रक्कम लिहिली होती यावर येऊन थांबला. आम्ही जोडलेल्या झेरॉक्समध्ये नेमक्या रकमेच्या ओळीवर काळा पट्टा उमटला होता.

त्यांच्या वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली मूळ प्रत हजर करण्याचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. आम्ही तारखा घेत राहिलो. अखेरीस, कागद २०१९ च्या महापुरात भिजून नष्ट झाले, असे शाखेकडून सांगण्यात आले. मूळ दस्तऐवज गहाळ झाल्यास दुय्यम पुरावा देता येतो, परंतु तो गहाळ झाल्याचे आधी सिद्ध करावे लागते. न्यायाधीशांनी पंचनामा मागितला, विम्याचा दावा मागितला, खराब झालेल्या नोंदींची यादी मागितली. यांपैकी एकही कागद आमच्याजवळ नव्हता, आणि शाखा तर पहिल्या मजल्यावर होती.

आदेश पाळला नाही तर नियम २१ खाली वादीचा दावा फेटाळता येतो आणि प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. ही शिक्षा कठोर असल्यामुळे हेतुपुरस्सर कसूर दिसल्याशिवाय न्यायालये सहसा तिथवर जात नाहीत, आणि आमच्या बाबतीतही गेले नाही. पुरावा अधिनियमाच्या कलम ११४ मधील प्रतिकूल अनुमान मात्र आमच्यावर आले: जो पुरावा देता येत असूनही दिला जात नाही, तो दिला असता तर रोखून धरणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. हाजी मलंग दर्ग्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितले होते की, सिद्धतेचा भार आपल्यावर नाही एवढ्या सबबीवर हाताशी असलेला उत्तम पुरावा दडवून ठेवता येत नाही. आमच्यावर तर भारही होताच.

खातेउतारा प्रमाणित होता. परंतु केवळ हिशेबाच्या वहीतील नोंदींवरून कोणावर देणे लादता येत नाही, हा जुना नियम आहे. कर्जदाराने रक्कम मिळाल्याचे कबूल केले असल्याने त्याच्याविरुद्ध पूर्ण हुकूमनामा झाला, जामीनदाराविरुद्ध मात्र त्यांनी स्वतः मान्य केलेल्या २ लाखांपुरताच.

निकालाच्या दिवशी ते गृहस्थ कॉरिडॉरमधल्या बाकावर मांडीवर जुन्या पावत्यांची पिशवी घेऊन बसले होते. सही केली त्या दिवशी त्यांना जामीनपत्राची प्रत दिलीच गेली नव्हती, आणि याची मला आजही खंत वाटते. सगळे कागद आमच्या कपाटात होते आणि त्यांच्याकडे फक्त त्यांची आठवण होती. अशा माणसासमोर ‘कागद सापडत नाही’ असे म्हणण्याचा बँकेला काय अधिकार?

अपील करावे काय, अशी विचारणा मुख्यालयाकडून आली. अपिलात नवा पुरावा द्यायचा तर योग्य ती दक्षता घेऊनही तो आधी का देता आला नाही हे दाखवावे लागते, म्हणून मी शाखेचे जावक रजिस्टर मागवले. महापुराच्या आदल्या वर्षी ती फाईल विधी कक्षाकडे पाठवल्याची नोंद त्यात होती, पोच घेतल्याची सही नव्हती. मी त्या पानाची प्रत टिपणीला जोडून पाठवली. अपील झाले नाही.