ऐकणाऱ्याकडे बघावं

जुन्या प्रेमविनोदी चित्रपटांचा गोडवा नेमका कशात असतो, हा विचार आज डोक्यातून जात नाहीये. कृष्णधवल पडदा, हॅट, झगमगते गाऊन ही वरवरची कारणं झाली. मला तर तो बांधणीत दिसतो. कुणाला काय माहीत आहे आणि ते कधी कळतं, यावर सगळा डाव उभा असतो.

एर्न्स्ट लुबिचचा १९४० चा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' घ्या. बुडापेस्टमधल्या एका दुकानातल्या दोघा कर्मचाऱ्यांचं क्षणभर पटत नाही आणि तेच दोघं निनावी पत्रांतून एकमेकांवर जीव लावून बसलेत. लुबिच हे गुपित शेवटासाठी राखून ठेवत नाही. नायकाला ते आधीच कळतं, तिला नाही. मग कॅफेत ती त्याला घालूनपाडून बोलते, तेव्हा आपण हसतो आणि त्याच्यासाठी कळवळतोही. पुढे टपालाच्या कप्प्याचा शॉट येतो. कॅमेरा आतल्या बाजूला. हातमोजा घातलेला तिचा हात रिकामा कप्पा चाचपतो, मग तिचा पडलेला चेहरा दिसतो. संवाद नाही. विनोदी चित्रपटात दुःखाला इतकी जागा देणं किती सुंदर!

इथेच अनेक नकला फसतात. गुपित कळलेला माणूस समोरच्याला फार वेळ खेळवत राहिला की आपल्या मनातून उतरतो.

१९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. शारीरिक जवळीक दाखवण्यावर बंधनं आली आणि ओढ दाखवायचा बराचसा भार बोलण्यावर पडला. हॉवर्ड हॉक्सने 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये (१९४०) वाक्यं एकमेकांवर चढवली. त्याची युक्ती अशी, की वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द ठेवायचे. ते दुसऱ्याच्या बोलण्यात बुडाले तरी मधला अर्थ पोहोचतो. नुसता वेग वाढवला तर कानावर गोंगाटच पडतो. शिवाय दोघं एकाच चौकटीत हवेत. दर वाक्याला कट मारला की ऐकणाऱ्याचा चेहरा हरवतो, आणि अर्धं प्रेम तर तिथेच असतं.

म्हणून असा चित्रपट पहिल्यांदा सबटायटल लावून बघावा, नाहीतर निम्मे विनोद निसटतात. दुसऱ्यांदा ती बंद करावीत आणि 'हिज गर्ल फ्रायडे'चा नायक कॅरी ग्रँट बोलत असताना नायिका रोझालिंड रसेलकडे बघावं. त्याचं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असतं.