अंगणातला माहुली

शहापूर तालुक्यात दिवाळी आणि भातकापणी एकदमच येतात. शाळा सुटतात तेव्हा हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात खळ्यावर आलेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं अजून उभं असतं, आणि एक डोळा आभाळावर ठेवून चकल्या पाडायच्या असतात. मोठ्यांना फुरसत नाही आणि पोरांना सुट्टीच सुट्टी. यंदा डोंबिवलीहून दिरांची मुलंही आली. मी म्हटलं, किल्ला करायचा तर ओटीवरून रोज दिसतो तो माहुलीच करा, आणि सगळा तुम्हीच करा.

मावळ्यांच्या पैशांचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. कापलेल्या खाचरातला सरवा वेचायचा, जेवढं भात निघेल तेवढं पोरांचं. खुंटांमधून अनवाणी चालताना शहरातल्या दोघांचे पाय सोलले, पण दुसऱ्या दिवशी चपला घालून तीच आधी हजर. सासूबाईंनी झोडलेलं भात पायलीनं मोजून घेतलं आणि बाजारभावानं रोख पैसे हातावर ठेवले. शहापूरच्या बाजारात जाऊन पोरांनी मावळे आणि महाराजांची मूर्ती स्वतः निवडली. कष्टाच्या पैशांची वस्तू पोरं किती जपतात, ते तेव्हा पाहिलं.

माहुली एकसलग नाही. उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड, आणि त्याच्याजवळ नवरा-नवरीचे सुळके. सारवलेल्या अंगणात पोरांतल्या मोठ्यानं कोळशानं आकार काढला. खाली दगड आणि विटांचे तुकडे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि वर बांधाची माती. डोंगर दुपारपर्यंत उभा राहिला. सुळके मात्र उभे राहीनात. वाळले की भेगा पडायच्या आणि धपकन खाली. सासरे खळ्यावरून येता येता म्हणाले, "नुसत्या मातीला धर नसतो रे, तूस घाला." मग ओढ्यातून लांबट दगड आणून रोवले. तूस आणि शेण कालवलेली माती त्यांना खालून वर थापत नेली, ओल्या तळव्यानं वरून खाली गुळगुळीत केली. धाकटीनं नवरीचा सुळका एकटीनं केला आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. उतारावर राई आणि आळीव पेरलं, चार दिवसांत गड हिरवा झाला.

मावळे मांडताना मी त्यांना गडाची हकिकत सांगितली. 1636 मध्ये शहाजीराजांना याच माहुलीवर वेढा पडला आणि निजामशाही संपली. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हाही होता, आणि 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. पुतण्यानं लगेच विचारलं, "काकी, मग मोगल कुठायत?" बाजारातून आणले होते नुसते मावळे. मग उरलेल्या मातीची फौज वळून पायथ्याला बसवली.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली. शेजारच्या वाडीवर त्याच दिवशी वाघदेवाच्या पूजेची वाघबारस असते, तिथला नारळाचा प्रसाद पोरांपर्यंत पोचला. त्या संध्याकाळी परतीचा पाऊस आला. ताडपत्री एकच, आणि खळ्यावर भात उघडं. मी काही बोलायच्या आत चारही पोरं खळ्याकडे धावली आणि ताडपत्रीचे कोपरे धरून, दगड ठेवून भात झाकलं. किल्ल्यावर खताच्या रिकाम्या गोण्या टाकल्या त्या नंतर. भंडारगडाचा एक कडा वाहून गेला, पण त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. मला यंदाच्या दिवाळीत सगळ्यात जास्त समाधान याचं वाटलं. भात आधी, हे त्यांना आम्ही कधी बसवून शिकवलं नव्हतं.

नरक चतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी अंगठ्याखाली कारिटं फुटली. फराळाला नव्या भाताचे पोहे झाले. तुळशीचं लग्न लागेपर्यंत किल्ला ठेवला, मग मोडून माती वांग्याच्या वाफ्यात घातली.

रिकाम्या खाचरात ओलीवर वाल पेरला होता. जानेवारीत शेंगा भरल्या की त्या मडक्यात भाजायच्या, ती पोपटी. शनिवारी डोंबिवलीकर पुन्हा हजर. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, रताळी, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. साधारण अर्ध्या तासानं तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच उडालं की झाली. हे शिंपडण्याचं काम यंदा धाकटीकडे होतं आणि तिनं ते फार गंभीरपणे केलं. भांबुर्डीचा तो उग्र वास शेंगांना लागतो, त्याशिवाय पोपटीला अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत सासऱ्यांना घोंगडी घ्यायची होती, पोरांना बैलबाजार बघायचा होता. दोन्ही झालं. परतताना गाडीत पुढच्या किल्ल्यावरून वाद पेटला. मोठ्याला मुरबाडचा गोरखगड हवा, धाकटीला पुन्हा माहुलीच, कारण यंदा पळसगडाला जागा कमी पडली. शेवटी माहुलीच ठरला, आणि सासऱ्यांनी लाकडं रचायची जागा त्यासाठी गोठ्यामागे हलवायचं कबूल केलं.