प्रेसमध्ये हात सापडल्यानंतर पुन्हा कामावर

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली... पत्र्याचं काम करणारं प्रेस शॉप कुठलंही घ्या, तिथली नेहमीची दुखापत म्हणजे पॉवर प्रेसमध्ये (डाय म्हणजे साच्याने पत्रा कापणारं किंवा वाकवणारं यंत्र) चिरडलेलं किंवा तुटलेलं बोट. अपघाताच्या दिवशी धावपळ सगळेच करतात. पुढचे तीन महिने मात्र कुणाच्याच ताब्यात नसतात. टाके निघतात, कंपनी ‘फिट’ सर्टिफिकेटची वाट बघते, कामगार घरी बसून राहतो. तो गेटवर परत येतो तेव्हा त्याला नेमकं कोणतं काम द्यायचं, हे कुणी ठरवलेलं नसतं. हात इथेच वाया जातात. म्हणून कामावर परतण्याची तयारी पहिल्या आठवड्यातच सुरू करायला हवी. ती कशी, ते सुपरवायझर, एचआर आणि घरची माणसं या तिघांसाठी लिहितो आहे.

आधी पहिला तास. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. दोरी किंवा वायर करकचून बांधू नका, त्याने उरलेल्या भागाचंही नुकसान होतं. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. तुटलेला तुकडा सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात आणि जोडण्याजोगं बोट हातचं जातं. बोटात स्नायू नसतो, त्यामुळे असं थंड ठेवलेलं बोट साधारण चोवीस तासांपर्यंत जोडता येऊ शकतं. नुसतं रुमालात बांधून आणलं तर ही मुदत जवळपास निम्म्यावर येते. अपघाताची वेळ कागदावर लिहून सोबत द्या. प्लास्टिक सर्जन किंवा हँड सर्जन नसलेल्या दवाखान्यात दोन तास घालवू नका.

आता कागद. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल, तर कामावर झालेल्या दुखापतीसाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, साध्या आजारपणात ती ७० टक्के असते. त्यामुळे नोंद ‘आजारी’ म्हणून झाली की कामगाराचा थेट तोटा होतो. अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, चोवीस तासांत गेला पाहिजे. त्यात ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असं एक वाक्य घालायची जुनी सवय अनेक ऑफिसांत आहे, ती सोडा. मशीनचा नंबर, डाय, पायाचं पॅडल होतं की दोन हातांची बटणं, गार्ड होतं की नव्हतं, एवढं लिहा. सर्टिफिकेटांमध्ये खंड पडू देऊ नका, कारण मधल्या दिवसांचे पैसे अडकतात.

आणखी एक गोष्ट सर्रास होते. रेकॉर्डवर अपघाताची सुट्टी दिसू नये म्हणून बँडेज बांधलेल्या माणसाला कंपनीत बोलावून नुसतं बसवतात आणि हजेरी लावतात. ज्या दिवसाची हजेरी आणि पगार, त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ नाही. शिवाय हात खाली लोंबकळून सुजतो आणि व्यायाम बुडतो. हे करू नका.

हाताची खरी लढाई जखमेशी कमी आणि आखडण्याशी जास्त असते. हाताला सूज आली की तळव्याजवळचे मोठे सांधे सरळ राहतात आणि बोटांचे मधले सांधे वाकतात. तसेच तीन आठवडे गेले तर ते तिथेच धरतात. म्हणून चिरडलेल्या हाताला स्प्लिंट (हात एका स्थितीत धरून ठेवणारा आधार) लावताना मोठे सांधे साधारण ७० अंश वाकलेले आणि बोटं सरळ ठेवतात. त्यासोबत ज्या बोटांना काहीच झालेलं नाही ती, मनगट, कोपर आणि खांदा दुसऱ्या दिवसापासून हलत राहिले पाहिजेत. एका बोटाच्या जखमेपायी अख्खा हात गळपट्टीत महिनाभर टांगून ठेवल्याने गोठलेला खांदा घेऊन बसलेले कामगार कुठल्याही फिजिओथेरपीच्या खोलीत भेटतील.

बोट वाकवणारं टेंडन (शॉपमध्ये याला ‘नस तुटली’ म्हणतात) शिवलेलं असेल तर वेळापत्रक कडक असतं. पहिले सहा आठवडे हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट आणि थेरपिस्टने दाखवलेली हालचाल, बहुतेकदा दर तासाला दहा वेळा. या काळात पाण्याची बाटलीसुद्धा त्या हाताने उचलायची नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात हलका वापर: जेवणं, बटण लावणं. आठव्या आठवड्यानंतर हळूहळू जोर. जड काम बारा आठवड्यांच्या आधी नाही. घात होतो तो सहाव्या ते दहाव्या आठवड्यात. दुखणं गेलेलं असतं, स्प्लिंट निघालेलं असतं, गावाकडे पेरणी असते किंवा गॅसचा सिलिंडर संपतो. एक हिसका बसतो, कटकन आवाज होतो आणि बोट वाकायचं थांबतं. पुन्हा शिवलेलं टेंडन पहिल्याइतकं चांगलं क्वचितच चालतं. म्हणून घरच्यांना स्पष्ट सांगा: दुखत नाही याचा अर्थ जुळलं असा नाही.

बोटाचं टोक गेलं असेल तर जखम भरली की उरलेल्या टोकाला स्पर्शाची सवय लावावी लागते. आधी कापसाने चोळणं, मग सुती कापड, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात घालून ढवळणं. पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. हे केलं नाही तर पत्र्याची कड लागली की झिणझिण्या डोक्यात जातात आणि माणूस ते बोट वर उचलूनच काम करायला लागतो. हाताची तक्रार जखमेच्या मानाने भलतीच जास्त वाटली, म्हणजे आग होणं, कातडी चकचकीत होणं, रंग बदलणं, घाम येणं, तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा, कारण उशीर झाला की हे दुखणं वर्षभर पिच्छा सोडत नाही.

सगळ्यात ढिसाळपणा होतो तो यानंतर. सर्टिफिकेटवर ‘हलके काम द्यावे’ एवढंच असतं. डॉक्टरने प्रेस शॉप पाहिलेलं नाही आणि सुपरवायझरला टेंडन माहीत नाही. एक उदाहरण घेऊ. ६०० ग्रॅमचा ब्रॅकेट ट्रेमधून उचलून गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) बसवायचा, बघायचा आणि दुसऱ्या ट्रेत टाकायचा. बसून करायचं तपासणीचं काम, म्हणून सगळे याला हलकं समजतात. शिफ्टला ३,००० नग झाले तर त्या हाताने १,८०० किलो वजन चिमटीत उचललं. भरलेला ट्रे सरकवणं वेगळंच. नुकत्या जुळलेल्या अंगठ्याला हे काम जड आहे.

म्हणून एचआरने किंवा सुपरवायझरने सहाव्या आठवड्याच्या भेटीआधी अर्ध्या पानाचं कामाचं वर्णन डॉक्टर आणि थेरपिस्टच्या हातात द्यावं. नगाचं वजन किती, शिफ्टला किती नग, उचलायचं मुठीने की चिमटीने, एका हाताने की दोन्ही, कडेला बर (कापताना उरलेली धारदार किनार) असते का, कुलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव) किंवा तेल लागतं का, मशीन हादरतं का, हॅमर-स्पॅनर वापरायचा का. मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून दाखवला तर अजून बरं. मग डॉक्टरला असं लिहिता येतं: ‘उजव्या हाताने एका वेळी एक किलोपर्यंत, तासाला १०० नग, हॅमर नाही, चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी.’ असा कागद सुपरवायझरला पाळता येतो आणि कामगाराला दाखवता येतो.

कोणतं बोट गेलं यावर काम बदलतं, आणि नुकसानभरपाईचा तक्ता ते सांगत नाही. कमाईची क्षमता किती गेली हे धरणाऱ्या त्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७. पण पाना आवळायला, हातोडा धरायला जी मूठ लागते तिची बरीचशी ताकद याच शेवटच्या दोन बोटांत असते. करंगळी-अनामिका गेलेला फिटर कागदावर थोडक्यात वाचलेला दिसतो आणि बाकावर अडतो. तर्जनी गेलेला माणूस उलट मधल्या बोटाने चिमूट धरायला काही आठवड्यांत शिकतो आणि व्हर्निअरवर (बारीक मापं घेण्याच्या कामावर) चांगला बसतो. टक्के बघून काम ठरवू नका. मुठीची आणि चिमटीची ताकद मोजून घ्या, दोन्ही हातांची, प्रत्येकी तीन वेळा, आणि सरासरी काढा.

परत आल्यावर पहिले दोन आठवडे अर्धी शिफ्ट, पुढचे दोन सहा तास, मग पूर्ण, आणि ओव्हरटाइम त्यानंतर महिनाभर नाही, हा क्रम बहुतेकांना झेपतो. अडचण पैशाची आहे. अर्धा दिवस काम केलं तरी त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ जातो. कंपनीने अर्धाच पगार दिला तर घरी बसलेला माणूस जास्त कमावतो, किंवा तोच माणूस तंगीमुळे पूर्ण शिफ्ट ओढून हात बिघडवतो. त्या चार आठवड्यांचा पूर्ण पगार कंपनीने द्यावा असं मला ठाम वाटतं. सरावलेला ऑपरेटर गमावून नवा तयार करण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं. ठेकेदाराच्या कामगाराबाबत हे आधीच लेखी ठरवून घ्या, कारण त्याची जागा आठवडाभरात दुसऱ्याने भरलेली असते.

त्याच प्रेसवर परत बसवायचं असेल तर आधी प्रेस बघा. पिन क्लचच्या प्रेसचा स्ट्रोक, म्हणजे वरून खाली येणारा फटका, एकदा सुटला की मधे थांबत नाही. त्याच्यापुढे हात आत आल्यावर मशीन थांबवणारा सेन्सर लावला तरी उपयोग नाही, तिथे डायभोवती पक्कं गार्डच हवं. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा, स्ट्रोक मधे थांबवता येणारा) क्लच असेल तर सेन्सर आणि दोन हातांची बटणं चालतात, पण दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक पडला पाहिजे. एक बटण टेप लावून दाबून ठेवलेलं दिसलं तर मशीन बंद. हे न करता माणसाला तिथे उभं केलं आणि स्ट्रोक पडताना त्याचा हात मागे आला, तर ती भीती योग्यच आहे. तिला धीर देऊन दाबू नका.

स्थायी नुकसान असेल तर शेवटच्या सर्टिफिकेटनंतर वर्षाच्या आत ईएसआयच्या मेडिकल बोर्डासाठी अर्ज करा. या नुकसानाची मासिक रक्कम मिळायला लागली म्हणून नोकरी सोडावी लागत नाही, दोन्ही सोबत चालतात. हिशेब असा: सरासरी रोज ५०० रुपये, तर्जनी पूर्ण गेलेली, म्हणजे ५०० च्या ९० टक्क्यांचे १४ टक्के, दिवसाला ६३ रुपये, हयात असेपर्यंत.

बारीकसारीक दोन गोष्टी. हातमोज्याचं रिकामं बोट तसंच ठेवलं तर ते ड्रिलमध्ये किंवा रोलरमध्ये अडकतं. ते कापून टोक शिवून घ्या, आणि फिरत्या मशीनवर हातमोजा मुळातच नको. दुसरी थंडीची. रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतू शिवलेलं बोट गारठ्यात पांढरं पडतं आणि ठणकतं, डिसेंबर-जानेवारीच्या पहिल्या शिफ्टला लोखंड हातात घेतल्यावर तर फारच. पहिले एक-दोन हिवाळे त्याला दुसरी शिफ्ट द्या आणि कुलंटच्या कामापासून दूर ठेवा.