डेअरीतील प्लेट हीट एक्स्चेंजर

धातूचे पत्रे (आज ते स्टेनलेस स्टीलचे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचे व पन्हळी असतात) एकमेकांना लावून घट्ट आवळायचे आणि मधल्या अरुंद फटींतून आलटून पालटून गरम व थंड द्रव उलट दिशांनी वाहू द्यायचा, ही प्लेट हीट एक्स्चेंजरची रचना रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ मध्ये दुधाच्या पाश्चरीकरणासाठी व्यवहारात आणली. तिरप्या पन्हळींमुळे प्रवाह कमी वेगातही खळबळता राहतो, पत्र्यालगतचा मंद थर मोडतो आणि उष्णता झपाट्याने पलीकडे जाते. अर्थात, त्याची किंमत पंपाला मोजावी लागते: द्रव ढकलायला त्याला जास्त जोर लागतो.

मला यातील सर्वांत देखणा भाग वाटतो तो उष्णतेच्या पुनर्वापराचा. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद राहिलेले दूध बाहेर पडताना आत येणाऱ्या थंड दुधाला तापवते, आणि चांगल्या संयंत्रात लागणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के अशी घरच्या घरीच भागते. या विभागात पाश्चरीकृत दुधाचा दाब कच्च्या दुधापेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे पत्र्याला सूक्ष्म छिद्र पडलेच तरी गळती कच्च्या दुधाकडे होते.

यंत्राची मर्यादा ठरते ती पत्र्यांमधून गळती होऊ न देणाऱ्या रबरी गॅस्केटमुळे. तापमान किंवा दाब फार जास्त असेल तिथे पत्रे ब्रेझिंगने, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधून, जोडता येतात, पण मग ते उघडून घासता येत नाहीत, आणि डेअरीला ती सोय सोडणे परवडत नाही.