तुम्ही विचारलंत म्हणून: 'कोणाला?'ची ट्रिक मी का बंद केली

बांगडे घेताना विचारतात, एसटीत विचारतात, की बाई, इंग्रजी वाक्यात क्रियापदाला 'काय?' विचारलं की डायरेक्ट ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष कर्म, 'कोणाला?' विचारलं की इनडायरेक्ट, म्हणजे अप्रत्यक्ष, एवढी सोप्पी ट्रिक असताना पोरांना गोंधळात कशाला घालता? तर एकदाच सांगते.

मीपण अकरा वर्षं हेच शिकवलं. मालवणात, घरच्या पडवीत. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर स्केचपेनने काय आणि कोणाला. 'मदर गेव्ह मी अ मँगो', काय दिला? आंबा. कोणाला? मला. झालं. मार्क यायचे, पालक खूश.

मग सातवीतला एक मुलगा टेस्टचा पेपर घेऊन आला. 'द डॉग बिट द बॉय', त्याने बॉय इनडायरेक्ट लिहिलेला, वर लाल फुली. म्हणाला, "बाई, कुत्रो कोणाक चावलो? झिलाक. मगे माझा चुकला खंय?" कळलं होतं हो मला, तिथल्या तिथे कळलं होतं. आपल्याकडे माणूस कर्म असला की बहुतेक 'ला' लागतोच, मालवणीत 'क', मग मुलाला बघितलं काय आणि मुलाला आंबा दिला काय, 'कोणाला'चं उत्तर मुलगाच येणार. आणि इंग्रजीत चावलं ते पोराला, दुसरं ऑब्जेक्टच नाही, म्हणजे तोच डायरेक्ट. पण मी बोलले काय, तर "प्रश्न नीट वाचायला नको?" सगळ्यांसमोर. त्याने गप खोडरबर काढला आणि पेनाने लिहिलेलं खोडत बसला, कागदाला भोक पडेपर्यंत.

एका मार्काचं एवढं काय, असं म्हणाल. मीही तेव्हा स्वतःला तेच सांगितलं. आणि ती जुनी मी पूर्ण चूक नव्हती, देणं-पाठवणं-दाखवणंवाल्या वाक्यांत ट्रिक चालतेच की.

हल्ली आधी ऑब्जेक्ट मोजायला लावते. दोन असतील तर पहिला उचलून मागे न्यायचा, टू नाहीतर फॉर लावून: 'गेव्ह अ मँगो टू मी', 'बॉट अ फ्रॉक फॉर मी'. जमलं तर मूळ वाक्यात तो इनडायरेक्ट. (मागे नेल्यावर त्याला इनडायरेक्टच म्हणायचं की प्रिपोझिशनचा, म्हणजे त्या टू-फॉरचा, ऑब्जेक्ट, यावर व्याकरणाच्या पुस्तकांचंच जमत नाही, परीक्षेपुरतं शाळेच्या पुस्तकाचं ऐका.) एकच असेल तर डायरेक्ट.

बहुतेक. कारण 'आय टोल्ड हिम'मध्ये एकटा हिम, काय सांगितलं ते गाळलेलं, आणि त्याला डायरेक्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते वाक्य पुढच्या आठवड्यावर ढकललंय. तिसऱ्यांदा.