एक्केचाळीस अंशांचा फरक

रेडिएटरला नवा कोअर (पाणी थंड करणाऱ्या बारीक नळ्यांचा जाळीदार गाभा) घालून दिलेली गाडी तीन आठवड्यांनी पुन्हा माझ्याच वर्कशॉपमध्ये आली, आणि तक्रार अक्षरशः तीच होती. सपाटीवर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो, गाडी जागेवर चालू ठेवली तरी हलत नाही, पण लांब चढ लागला की दहा-बारा मिनिटांत तांबड्या पट्टीकडे सरकतो. मालक चिडले असते तर बरे वाटले असते, ते फक्त म्हणाले, "पुन्हा एकदा बघता का?"

गाडी १९६० च्या दशकातली, चार सिलिंडरची, लोखंडी ब्लॉकची. पहिल्या खेपेस मी नेहमीचे सारे तपासले होते. फॅन बेल्टचा ताण, इग्निशनचे टायमिंग, रेडिएटरचे ७ पाउंड दाबाचे झाकण (एवढ्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून झाकण ढिले असेल तर बाकीची सारी तपासणी व्यर्थ), हेड गॅस्केट फुटून जळका वायू पाण्यात शिरत असल्यास निळ्याचे पिवळे होणारे द्रव, आणि खुद्द काटा. काट्यावर आमच्या धंद्यातले बरेच जण डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्या काळच्या अनेक गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतो, आणि त्याची अर्थिंग सुटली की दोन्ही काटे चढे दाखवू लागतात. टाकी अर्धी असताना पेट्रोल पाऊण दिसत असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी डॅशबोर्डमागे हात घालावा. येथे पेट्रोलचा काटा बरोबर होता, आणि रेडिएटरच्या तोंडात सोडलेल्या थर्मामीटरनेही तापमानाच्या काट्याचीच साक्ष दिली. गाडी खरोखरच तापत होती.

मग मी रेडिएटरचे तापमान मोजले, आणि ते नीट मोजले याचा मला आजही अभिमान आहे. मालकांनी हौसेने वरच्या टाकीचा रंग काढून पितळ लखलखीत केले होते. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला की तो खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवतो, कारण असा पृष्ठभाग उष्णता फार थोडी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. म्हणून मी वर-खाली दोन्ही तोंडांशी काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर मोजले. चढ चढून आल्याबरोबर वर ९२, खाली ५१. फरक ४१ अंशांचा. निरोगी रेडिएटरमध्ये तो याच्या निम्म्यानेही नसतो. पाणी इतके थंड होऊन बाहेर पडते, म्हणजे ते आत फार वेळ रेंगाळते. रेंगाळते, म्हणजे नळ्या तुंबल्या आहेत. असा निष्कर्ष काढून मी कोअर बदलायला सांगितले.

परवा नव्या कोअरवर तीच टेप, तोच चढ. वर ९३, खाली ५४. कोअर बदलूनही फरक जागचा हलत नाही म्हटल्यावर तो कोअरमुळे नव्हताच, हे कळायला मला थर्मामीटर खाली ठेवण्याइतकाच वेळ लागला. पाणी रेडिएटरमधून कमी वाहत होते हे खरे. पण वाट अडली आहे म्हणून, की ते दुसऱ्याच वाटेने जात आहे म्हणून, हा प्रश्न मी पहिल्या वेळी स्वतःला विचारलाच नव्हता.

वॉटर पंप उघडला. पाती शाबूत, शाफ्टवर घट्ट. इंजिन रेस केल्यावर रेडिएटरचा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो का, ते पाहिले. आतली स्प्रिंग ठीक होती. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात टांगला. ८२ अंशांवर त्याने तोंड उघडले आणि पाणी आणखी तापल्यावर तो पुरता उघडला. सुट्या भागात काहीही दोष नव्हता. तो परत बसवायला घेतला, तेव्हा हाउसिंग पुसत असलेल्या माझ्या मदतनीसाने विचारले, "दादा, हे बाजूचं भोक बंद कोण करतं?"

ते भोक बायपासचे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी त्या भोकातून आतल्या आत फिरते. पुढे थर्मोस्टॅट उघडला की ते भोक बंद व्हायला हवे. नाही तर पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांचा लांबचा रस्ता कशाला धरील? सपाटीवर उष्णताच कमी, त्यामुळे रेडिएटरकडे जाणारे थोडके पाणीही पुरते. चढावर पुरत नाही. या इंजिनाच्या मूळ थर्मोस्टॅटला खाली पितळी बाही असते, आणि ती वर सरकून भोक झाकते. आत्ता बसवलेल्याला ती नव्हतीच. मालकांनी जुने भाग एका डब्यात जपून ठेवले होते. त्यात तो मूळ थर्मोस्टॅट सापडला: त्याला उघडणारी आतली फुंकणी फाटलेली, बाही मात्र शाबूत. ती भोकाशी धरून पाहिली, तर तंतोतंत बसली.

सुटे भाग विकणारे व्यास विचारतात आणि ५४ मिलिमीटरचा कोणताही थर्मोस्टॅट हातात ठेवतात. तो बसतो, उघडतो, भांड्यातल्या परीक्षेत उत्तीर्णही होतो. आणि गाडी तापली की "थर्मोस्टॅट काढूनच टाका" म्हणणारे महाभाग तर अशा इंजिनात दोन्ही वाटा कायमच्या मोकळ्या करून देतात.

बाहीचा थर्मोस्टॅट मिळेपर्यंत मी बायपासमध्ये पितळी बूच ठोकले आणि त्याला ६ मिलिमीटरचे छिद्र ठेवले. पूर्ण बंद केले असते, तर इंजिन गरम होताना पाणी जागच्या जागी उभे राहिले असते आणि थर्मोस्टॅटला हेडमधल्या उष्णतेची खबर उशिरा लागली असती. त्याच चढावर आता वर ८६, खाली ७४. काटा हलला नाही.

मालकांनी आनंदाने हात मिळवला. कोअरचे पैसे मी परत करू लागलो, तर ते म्हणाले, "जुना खराब होताच ना." मी तेव्हा तसे सांगितले होते, म्हणून त्यांनी तो इतर भागांसारखा जपला नाही, भंगारात दिला. रेडिएटर उलटा धरून पाणी ओतायचे आणि ते किती वेगाने निघते ते पाहायचे, एवढीच दहा मिनिटांची परीक्षा मी केली नव्हती. आता ती करायला तो कोअरच उरलेला नाही.